उजव्या हाताला, डाव्या हाताकडून

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
कांजूरमार्ग पूर्व

गुडघ्यांनो, कसे आहात? दोघांनी एकदम कुरकुरू नका, आळीपाळीने कुरकुरा, मला ऐकायला सोपं जातं. डोळ्यांनो, डावा बरा दिसतो; उजव्याचा मोतीबिंदू अजून पिकतोय, पिकू दे, आपल्याला घाई नाही. दातांनो, जे उरलात ते सुखरूप असालच. कंबरे, काल बायकोने, वनमालाने, तुला शेक दिलाय, आता तक्रार नको. पोटा, रविवारच्या बांगड्यांचं काय ते मिटलं ना? आणि उजव्या हाता, तू कसा आहेस बाबा? तुला शेवटी विचारतोय, कारण उत्तर मला माहीत आहे.

हे सगळं डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीने पाय पुसल्यासारखं आलंय, पण निदान कोंबडी एका जागी उभी आहे. उजव्याने लिहिलं तर कोंबडी पळत सुटते.

ही वही अक्षता मॅडमने दिली. मॅडम म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोर. मुलुंडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात हाताच्या कंपावर संशोधन करते. दंडावर नाही, कोपराच्या खाली एक पट्टी बांधायची, ती स्नायूंना बारीक करंट देते आणि हात स्थिर होतो, असं तिचं म्हणणं. आमच्या डॉक्टरांनीच तिच्याकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, "माणिकराव, तुमचा कंप भलत्या आजाराचा नाही. काहींच्या हाताला असतो. हात रिकामा असताना शांत, कामाला लागला की थरथर." अगदी बरोबर. मांडीवर ठेवला की साधू, चहाचा कप धरला की ढोलकीवाला.

मॅडम म्हणाली, "काका, रोज हाताबद्दल दोन ओळी लिहा." मी विचारलं, वाचणार कोण? म्हणाली, "कुणी नाही. वही तुमची."

पण मला दोन ओळींत आटपायची सवय नाही. शाळा पाचवीपर्यंत, पुढचं शिक्षण सलूनमध्ये, पेपरांवर. पण पेपराचे तुकडे करून त्यांवर आम्ही वस्तऱ्याचा फेस पुसतो, त्यामुळे पुष्कळ बातम्यांचा शेवट मला आजवर कळलेला नाही. निदान ही वही तरी शेवटापर्यंत जावी.

परीक्षा म्हणून मॅडमने कागदावर आतून बाहेर गोल गोल रेघ काढायला सांगितली. मी जिलेबी काढायला गेलो, झाली चकली. सगळ्या बाजूंनी काटे. तिने खाली तारीख घालून ती फाइलला लावली. इतकी वाईट चकली कुणी जपून ठेवल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

आता हा खटाटोप कशासाठी, ते लिहून ठेवतो. २३ मार्चला नंदूचं लग्न आहे.

नंदू माझा मित्र, वय बहात्तर, आधी गिरणीत, मग एका बँकेच्या दारावर. ७८ सालापासून त्याची दाढी मी करतोय. ८१ साली त्याच्या पहिल्या लग्नाची दाढी मीच केली. वहिनी जाऊन नऊ वर्षं झाली. आता हास्यक्लबात त्याला पद्मजाबाई भेटल्या, मुलुंडच्या निवृत्त शिक्षिका. सगळे हसून थांबले की नंदूला हसू यायचं, त्यावरून ओळख झाली म्हणे. नंदू मला म्हणाला, "माणक्या, लग्नादिवशी दाढी तूच करूची. दुसऱ्याचो हात माझ्या तोंडाक लागूचो नाय."

गेल्या जूनमध्ये माझ्या मुलाने, प्रीतमने, माझ्या हातातून वस्तरा काढून घेतला. भांडून नाही, हळूच, झोपलेल्या पोराच्या हातातलं खेळणं काढावं तसा. "पप्पा, तुम्ही आता चंपी बघा." तेव्हापासून मी मागच्या खुर्चीवर डोक्याची मालिश करतो.

नंदूला हे ठाऊक आहे, तरी हट्ट सोडत नाही. मीही हो म्हणून बसलोय.

सोमवार, १० फेब्रुवारी

दुकान बंद, म्हणून मुलुंडला गेलो. आज हाताचं माप घेतलं.

मॅडमने कोपराखाली गोल चकत्या चिकटवल्या, वायरी लावल्या, माझा हात लग्नाच्या मांडवासारखा दिसायला लागला. म्हणाली, "आधी ही पट्टी तुमचा कंप शिकणार. हात कसा हलतो, किती वेळाने हलतो. मग हात एका बाजूला निघाला की ती समोरच्या स्नायूला टोचून परत आणणार." मला लगेच समजलं. दाढी करताना गिऱ्हाइकाला डुलकी लागली की मान कलंडते, आणि आपण दोन बोटांनी ती हळूच सरळ करतो, गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. तेच हे.

ती म्हणाली, "दुकानात जसा हात चालतो तसा चालू द्या. वीस मिनिटं." कात्री माझ्या खिशात असतेच. मी आपली ती वाजवत बसलो आणि तिला नंदूचे किस्से सांगितले. बोलताना कात्री वाजती ठेवायची हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. दोन बटा कापायच्या आणि मध्ये हवेत दहा वेळा कच कच करायचं. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे काम जोरात चालू आहे. कात्री थांबली की ते डोळे उघडतं आणि आरशात पाहतं, मग तक्रारी सुरू.

मॅडम स्क्रीनकडे बघून भारी खूश. "काका, किती नियमित सिग्नल आहे तुमचा! असा कुणाचाच आला नव्हता."

मी म्हटलं, "पन्नास वर्षांची सवय आहे."

येताना वनमालासाठी पेरू घेतले. एकंदर दिवस झकास.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पट्टी मिळाली! काळी, रुंद, वर एक हिरवा दिवा. चालू केली की कोपरापासून मनगटापर्यंत मुंग्यांची वरात निघते. चावत नाहीत, नुसत्या जातात.

मॅडमने कागदावर लिहून सही घेतली: पट्टी बांधून वस्तऱ्याला हात लावायचा नाही, ती सांगेपर्यंत. कबूल.

घरी आलो आणि वनमालाला म्हटलं, चहा दे, बशीत ओतून. आठ महिन्यांत मी बशीला हात लावला नव्हता, पेल्याला दोन्ही हात धरून प्यायचो. आज बशी एका हातात उचलली. पट्टीने मनगट डावीउजवीकडून सांभाळलं. थोडी थरथर आली, पण चहा बशीतच राहिला, तळ्यातल्या पाण्यासारखा नुसता शहारला.

"बघ," मी म्हटलं.

वनमाला ओट्याकडे तोंड करून उभी. डोळे पुसत होती. म्हणे कांदा झोंबला. ती खीर करत होती. खिरीला कांदा कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. बायकांच्या पाककृतीत आपण पडू नये.

जिलेबी परत काढून पाहिली. अजून चकलीच, पण काटे बोथट झालेत.

गुरुवार, २० फेब्रुवारी

वाट लागली.

नीट लिहितो. भाऊराव आले. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, तीस वर्षं एकच मिशी. दोन्ही टोकं वर, मध्ये रुबाब. प्रीतम बँकेत गेला होता. भाऊराव म्हणाले, "माणिकशेठ, ऐकलं की हात बरा झाला. जरा टोकं सारखी करा."

कागदावर वस्तरा नको असं लिहिलं होतं. कात्रीचं काही लिहिलं नव्हतं. मी पट्टी चालू केली.

हात दगडासारखा स्थिर. मी मनात मॅडमचे आभार मानले. सवयीप्रमाणे कात्री आधी हवेत वाजवायला घेतली, आणि बोटांनी माझं ऐकणंच सोडलं! मी मिटायला जावं तर ती उघडावी, मी उघडायला जावं तर गपकन मिटावी. जणू माझ्या बाहीत दुसराच न्हावी शिरलाय आणि त्याला माझं काहीच पटत नाही. मी जोर लावला. त्यानेही लावला.

भाऊराव डोळे मिटून सांगत होते, "पाण्याच्या टाकीचं यंदा करायलाच हवं..." आणि कच.

उजवी मिशी गेली. टोक नाही. मिशी.

मी कात्री खाली ठेवली. भाऊरावांनी डोळे उघडले. आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी सभ्यपणे विचारलं, "आणि ही दुसरी?"

"तिला हात लावायची हिंमत नाही," मी म्हटलं.

प्रीतम आला, त्याने दुसरीही काढली. सारखं दिसावं म्हणून. मग पैसे न घेता भाऊरावांना दारापर्यंत सोडून आला. 

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

भाऊरावांच्या घरून निरोप: तीस वर्षांनी वरचा ओठ दिसला, तो त्यांच्या मेहुण्यासारखा आहे. हसावं की रडावं ते त्यांनाही ठरवता येत नाही.

पट्टी कपाटात ठेवली. नंदू आला होता. जूनपासून त्याने दाढी वाढवलीय, आता पार छातीला टेकते. नवस आहे म्हणतो, लग्नापर्यंत वस्तरा लावायचा नाही. मी म्हटलं, "नंदू, प्रीतमकडून करून घे. पोराचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

"नवस मोडूचो नाय."

"कुठल्या देवाला?"

"भराडीदेवीक."

गेल्या महिन्यात वेतोबा म्हणाला होता. त्याचं विसरणं वाढलंय, पद्मजाबाईंच्या कानावर घालायला हवं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पट्टी परत करायची म्हणूनच गेलो होतो.

मॅडमने सगळी हकिकत ऐकली, लॅपटॉप उघडला, माझ्या हाताची वेडीवाकडी रेघ पाहत बसली. मीही समोर बसून वाट पाहत होतो.

"काका, आवाज कसला येतोय?"

"कसला?"

"कच कच."

"तो होय. तो मीच."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. खिशातली कात्री कधी हातात आली मलाही कळलं नव्हतं. मग तिने कपाळ टेबलावर टेकवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरलो, म्हटलं पाणी आणू का? ती हसत होती.

"काका, माप घेतलं त्या दिवशी वीस मिनिटं तुम्ही हेच करत होतात?"

"मग? तुम्हीच म्हणालात, दुकानातल्यासारखं."

तिने समजावलं ते असं. पट्टीने माझा कंप शिकायच्या ऐवजी माझी कात्री शिकली. दोघांचा वेग जवळ जवळ सारखा. म्हणून बशीपुरतं तिचं बरं चालायचं, पण मी कात्री वाजवली की तिला वाटायचं, आला कंप, धरा त्याला. तिने इमानदारीने धरला. भाऊरावांची मिशी इमानदारीत गेली.

"चूक माझी," मॅडम म्हणाली. "मी बघायला हवं होतं. स्क्रीनवरच डोळे लावून बसले."

मी म्हटलं, "मी पण मिशी सोडून आरशातच बघत होतो. फिट्टंफाट."

मग कात्री तिने स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकली, कुलूप लावलं, आणि पुन्हा माप घेतलं. हात पुढे करून गप्प बसायचं. मग रिकामा कप उचलायचा, ठेवायचा. वीस मिनिटं कात्रीशिवाय. मला कपडे काढून स्टेशनवर उभं केल्यासारखं वाटत होतं.

वस्तऱ्याबद्दल विचारलं. ती तिच्या सरांशी आणि डॉक्टरांशी फोनवर बोलली. अट ठरली: फुग्याला फेस लावून वस्तऱ्याने काढायचा. सलग पन्नास फुगे फुटता कामा नयेत. मग नंदूची सही घेऊन, ती स्वतः बाजूला बसून, एकच दाढी.

सलग पन्नास. मी उमेदवारीत शिकत होतो तेव्हा उस्तादांनी वीस मागितले होते.

रविवार, २ मार्च

फुगे आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "काका, होळीला अजून वेळ आहे, आतापासून पोरांवर पाणी मारणार?"

मागच्या अंगणात बसतो. वनमाला फुगवून देते, मी फेस लावतो, वस्तरा फिरवतो. आज सुरुवातीचा हिशोब: चार चांगले, पाचवा फाट. सात चांगले, आठवा फाट. फेस भिंतीपर्यंत उडतो. शेजारच्या चाळीतून विचारून गेले की क्रिकेट कोण जिंकलं.

नंदू बाजूला खुर्ची टाकून बसतो. त्याने पेनाने फुग्यांवर तोंडं काढायला सुरुवात केली. स्वतःचं तोंड. डोळे, नाक, वर चार केस.

"माझा त्वांड असा दिसता?" स्वतःच विचारतो.

फाट.

"मेल्या, माका सतरा वेळा मारलंस!"

"हल्लीचा रबर पातळ येतो," मी म्हटलं.

त्याने अठरावा फुगा काढायला घेतला. या वेळी तोंडाला हसू काढलं. म्हणाला, "असो हसत बसलंय मी. आता मार."

तो फुटला नाही. त्याच्यानंतर बारा फुटले नाहीत. पट्टी आता बरोबर शिकलीय. मुंग्याही समजूतदार झाल्यात. हात निघाला की त्या त्याला दारातच अडवतात.

शुक्रवार, ७ मार्च

एक नवीनच भानगड.

मी पट्टी दिवसभर बांधून ठेवतो, सवय व्हावी म्हणून. आज चंपीला तिघे आले. पहिल्याने पाच मिनिटांत डोळे उघडले, "काका, आज मजा नाही." दुसरा म्हणाला, "हात बिघडला का?" तिसरे भाऊराव. ओठावर आता झाडूसारखं उगवलंय, तरी येतात बिचारे. ते स्पष्टच बोलले.

"माणिकशेठ, ती पट्टी काढा."

"का?"

"अहो, तुमच्या हाताची ती बारीक थरथर डोक्यात अशी उतरते ना, की रिटायर झाल्यापासून मला फक्त तुमच्या खुर्चीत झोप लागते. प्रीतमने मशीन आणलंय मसाजचं, पण त्याच्यात जीव नाही."

मी प्रीतमकडे पाहिलं. तो गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारत होता, वर न बघता म्हणाला, "पप्पा, जूनपासून मागच्या खुर्चीला नंबर लागतात. तुम्हाला काय वाटलं, मी तुम्हाला अडगळ म्हणून मागे बसवलंय?"

मला तसंच वाटलं होतं. हे वहीतच राहू दे.

पट्टी काढली. भाऊराव दोन मिनिटांत घोरले.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. सोसायटीच्या पोरांनी नंदूला गाठलं. दाढी गुलाबी झाली. साधी नाही, फेटा रंगवतात तसली. तीन वेळा धुतली, आणखी खुलली.

पद्मजाबाई संध्याकाळी आल्या, पाहिलं आणि शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "नंदकुमार, तेवीस तारखेला ही दाढी चेहऱ्यावर दिसली तर मी हार परत पिशवीत घालून मुलुंडला जाईन. गुलाबी दाढीच्या माणसाशी लग्न केलं असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगू शकणार नाही."

"माणक्या काढतलो," नंदू म्हणाला.

"आणि नाही निघाली तर?"

"माणक्या काढतलो."

प्रीतमने ट्रिमर दाखवला, दोन मिनिटांचं काम. नंदू खुर्चीसकट मागे सरकला. नवस! कुणाला, विचारलं. या खेपेला रामेश्वर.

मी फुगे मोजले. आज सलग एकेचाळीस झाले होते. बेचाळिसाव्याला वनमालाच्या पदराची पिन लागली. पिनेचा धरायचा नाही असं मी म्हटलं, मॅडमने फोनवर सांगितलं, "काका, फुटला तो फुटला." कडक मुलगी. पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवार, २० मार्च

पन्नास!

शेवटच्या फुग्यावर नंदूने पद्मजाबाईंचा चष्मा काढला होता, मुद्दाम, मी घाबरावं म्हणून. वस्तरा फिरला, फेस निघाला, चष्मा जागच्या जागी. वनमालाने तो फुगा देव्हाऱ्याच्या बाजूला बांधून ठेवलाय.

दुपारी पद्मजाबाई दुकानात आल्या. पत्रिका द्यायला आले म्हणाल्या, पण पत्रिका मागच्या आठवड्यातच दिली होती. स्टुलावर बसल्या.

मी विषय काढलाच. "बाई, राग मानू नका, पण नंदूचं विसरणं वाढलंय. नवस कुणाला केलाय ते त्याला आठवत नाही. तीन वेळा तीन देव सांगितले."

बाई हसल्या. "माणिकभाऊ, दाढी वाढवायला त्याने कधी सुरुवात केली?"

"गेल्या जूनमध्ये."

"आणि आमचं लग्न ठरलं नोव्हेंबरात."

"मग?"

"मग काही नाही. त्याचा देव खुर्चीच्या मागे उभा राहतो, एवढंच मला माहीत आहे."

बाईंचं बोलणं मला पुष्कळदा समजत नाही. फार शिकलेल्या आहेत. मी चहा मागवला. त्या माझ्या उजव्या हाताकडे बघत बसल्या, देवळात बघावं तशा.

रविवार, २३ मार्च

सगळं आठवतंय तोवर लिहितो.

मुलुंडचा छोटा हॉल. मुहूर्त बाईंनीच काढला: ज्या दिवशी हॉल रिकामा तो. वराच्या खोलीत प्लॅस्टिकची खुर्ची, समोर आरसा. अक्षता मॅडम लॅपटॉप मांडून बसली, एक बोट बंद करायच्या बटणावर. नंदूने तिच्या कागदावर सही केली, खाली स्वतःहून लिहिलं: मान माझी, मर्जी माझी.

प्रीतमने गुलाबी दाढी कात्रीने आखूड केली. एवढ्याला नंदू तयार झाला, म्हणाला नवसात कात्री नव्हती. मी गरम टॉवेल ठेवला, फेस केला. पट्टी चालू. मुंग्या निघाल्या. मी वस्तरा कानाजवळ नेला.

आणि नंदू थरथरायला लागला!

हनुवटी, गाल, गळा, सगळं. माझा हात पुतळ्यासारखा आणि गिऱ्हाईक जेलीसारखं. मॅडमने लॅपटॉप पाहिला, मला पाहिलं. "काका, तुमचा सिग्नल सपाट आहे. हे... हे हलतायत ते नंदूकाका आहेत."

"काय रे नंदू, माझ्या हाताला भ्यालास?"

"तुज्या हाताक कशाक भियान?" त्याच्या डोळ्यांत पाणी. "लग्नाक भियालंय. ह्या वयात बाईक सांभाळूक जमतला माका? परत कोण गेला तर?"

बाहेरून पद्मजाबाईंनी दार वाजवलं. "अर्धा तास उरलाय."

प्रीतम म्हणाला, "मॅडम, तुमची पट्टी नंदूकाकांच्या गळ्याला बांधता येईल का?" मॅडम म्हणाली, "अजिबात नाही!" आणि पट्टीवर झडप घालून बसली.

मग मला सुचलं. मी वस्तरा खाली ठेवला. "मॅडम, बंद करा."

हिरवा दिवा गेला. हात लगेच आपल्या मूळ वळणावर आला. थरथर, थरथर, साठवून ठेवल्यासारखी. मी दोन्ही हात नंदूच्या डोक्यावर ठेवले. चंपी सुरू केली.  बोटं आपोआप नाचत होती, मी फक्त त्यांना डोकं दाखवलं.

दोन मिनिटांत खांदे उतरले. चार मिनिटांत हनुवटी थांबली. सहाव्या मिनिटाला नवरा मुलगा घोरायला लागला.

"चालू करा," मी कुजबुजलो.

आणि मी दाढी केली. डाव्या गालावर वरून खाली, मग जबडा, मग ओठाखालचा खड्डा, जिथे घाई करणारा हमखास फसतो. मान कलंडली की मी दोन बोटांनी सरळ करायचो, हात कलंडला की पट्टी करायची. आम्ही दोघं मिळून कामाला होतो. उजव्या जबड्याखाली एक बारीक पांढरी खूण लागली. ८१ सालची, मीच केलेली. तेव्हा माझा हात सुतासारखा सरळ होता, तरी मित्राच्या लग्नाच्या आनंदात घाईने लागला होता. या वेळी त्या खुणेवरून वस्तरा इतका हळू नेला, की तिलाही कळलं नसेल.

एक थेंब रक्त नाही. तुरटी उगाचच फिरवली, सवयीने.

मॅडमने बटणावरून बोट काढलं. ते पांढरं पडलं होतं. तिने ड्रॉवरात ठेवलेली माझी कात्री पर्समधून काढून दिली. "आता वाजवा काका. पट्टी बंद आहे."

मी नंदूच्या कानाशी हवेत दहा वेळा वाजवली. कच कच कच. त्याने डोळे उघडले, आरशात पाहिलं, गालावर हात फिरवला.

"झाली?"

"झाली."

"नवस फिटलो," तो म्हणाला, आणि आरशातून माझ्याकडे पाहून डोळे पुसले. देवाची आठवण आली असेल. कुठल्या, ते मी विचारलं नाही, उगाच चौथा सांगितला असता.

बाईंनी हार घातला. भाऊरावांनी नव्या मिशीला पीळ देऊन टाळ्या वाजवल्या. पीळ अजून बसत नाही.

मंगळवार, २५ मार्च

गुडघे कुरकुरले, पण जेवणाच्या पंगतीत बसल्यामुळे, चालेल. डोळे ठीक. दात आहेत तेवढे आहेत. कंबर झोपलीय. पोटाने श्रीखंडाची तक्रार केलेली नाही.

उजव्या हाता, आता तुझ्याशी. इतके दिवस हा डावाच लिहितोय, तू नुसता मांडीवर बसून बघतोस. मॅडमने काल सांगितलं, पट्टी एप्रिलपर्यंत आपल्याकडे राहील, मग पुढचे कागद मंजूर झाले तर परत मिळेल. ती काढली की तू होतास तसा होतोस, हे तिने लपवलं नाही. मला राग नाही. तुझ्यामुळे भाऊरावांना झोप लागते. तुझ्यामुळे नंदू लग्नाला उभा राहिला. आठ महिने मी तुला वाया गेलेला समजत होतो. कुणाला सांगू नकोस.

काल तिने पट्टी बांधून पुन्हा गोल रेघ काढायला लावली. जिलेबी आली. तिने फाइलला लावली. मग पट्टी काढून मी गुपचूप कोपऱ्यात आणखी एक काढली. चकली. तीही तिने लावली.

पुढचं पान तुझ्यासाठी कोरं ठेवतोय. पट्टी बांधून लिही, नाहीतर न बांधता. अक्षराला काटे आले तरी मला वाचता येतात. पण खुशाली कळव, आणि लवकर. डावा हात दमलाय आणि वाट बघतोय.